मुलगी चालत नसल्याबाबत अर्ज

"बाळ चालतं का, दादा?" अंगणवाडीच्या अनिताताईंनी मोबाईलवरून मान वर न करता विचारलं, आणि मी म्हणालो, "हो."

बाळ माझ्या कडेवर होतं. सोळा महिन्यांचं. चालणं सोडाच, जमिनीवर उभं करायला गेलं की दोन्ही पाय पोटाशी घेऊन हवेत बसणारं.

"धरून की न धरता?"

"न धरता," मी म्हणालो. खोटं बोलायचंच तर अर्धवट कशाला?

अनिताताईंनी मोबाईलवर बोट टेकवलं, तिथे हिरवी खूण उमटली, आणि सम्यका ओव्हाळ, माझी एकुलती एक मुलगी, सरकारदरबारी चालायला लागली.

यात दोष निवृत्तीकाकांचा होता, असं माझं त्या वेळी ठाम मत होतं. काका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. रेल्वेतून रिटायर झालेत, पण रेल्वे अजून त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. लसीकरणाच्या रांगेत ते माझ्या पुढेच होते आणि त्यांची अकरा महिन्यांची नात सगळ्यांच्या पायांमधून तुरुतुरु फिरत होती. "आमची दहाव्यातच सुटली," काका रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मग माझ्या कडेवर बघून म्हणाले, "तुमची अजून यार्डातच का?"

रांगेतल्या सात बायका हसल्या. मी मोजल्या. मोजणं हा माझा धंदाच आहे. तळेगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. मशीनमधून आलेला प्रत्येक भाग गेजवर धरायचा, केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचा, आणि कागदावर ओके किंवा रिजेक्ट लिहायचं. दहा वर्षांत मी एकदाही खोटं ओके लिहिलेलं नाही. म्हणूनच घरी फ्रिजवर सम्यकाचा तक्ता लावला होता. मान धरली, तारीख, ओके. पालथी पडली, ओके. बसली, ओके. पहिला दात, ओके. पहिला शब्द, "दे", ओके. 'रांगणे' या रकान्यात मात्र मी 'लागू नाही' असं लिहिलं होतं, कारण सम्यका रांगलीच नाही. ती बसल्या जागी एक हात टेकवते, बूड उचलते आणि पुढे सरकते. वेग असा, की स्वयंपाकघरातून गॅलरीत जायला तिला माझ्याहून कमी वेळ लागतो. त्यानंतरचा 'चालणे' हा रकाना चार महिने कोरा होता. तो कोरा रकाना रोज सकाळी दुधाची पिशवी काढताना माझ्याकडे बघायचा.

त्या दिवशी सम्यकाला इंजेक्शन दिलं तेव्हा ती मोठ्यानं रडली. मला वाटलं, ही माझ्या वतीनं रडतेय.

मानसी, म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवते. तिला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं पोळीचं लाटणं खाली ठेवलं.

"तू असं सांगितलंस?"

"निवृत्तीकाका समोर होते."

"अरे, मग त्यांना सांगायचं. रजिस्टरला कशाला सांगितलंस?"

"चालेलच की आठ दिवसांत," मी म्हणालो.

"मग चालव," मानसी म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.

अशा रीतीनं कामाला सुरुवात झाली. कागदाप्रमाणे माल तयार करायचा, इतकंच. कारखान्यात कोणी असं म्हणालं असतं तर मी त्याची तक्रार केली असती.

आधी आणले आवाज करणारे बूट. पाऊल टाकलं की चूं वाजतं, त्या आवाजाच्या नादानं मूल चालतं, असं दुकानदार म्हणाला. सम्यकानं बूट पायांतून काढले, एकेका हातात घातले, आणि संध्याकाळभर फरशीवर बसून ते वाजवले. वरच्या मजल्यावरून विचारणा झाली, की उंदीर धरलाय का.

मग निजामभाई पुढे आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. माझ्या हातात प्लॅस्टिकच्या वॉकरचा फोटो बघून त्यांना मनापासून दुःख झालं.

"प्रितमभाऊ, हे खेळणं झालं. मूल चालतं ते पांगुळगाड्यावर. तीन चाकं, धरायला दांडा, सागाचं लाकूड. आमची आयरा त्याच्यावरच शिकली. आज कॉलेजला जाते."

"चालत?"

"स्कूटीवर," निजामभाई गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी तिसऱ्या दिवशी गाडा आणला. गाडा कसला, सागवानी पलंगाचा धाकटा भाऊ. एकट्याला उचलेना. आम्ही दोघांनी तो गल्लीत उतरवला, सम्यकाला दांड्यापाशी उभी केली. तिनं नेहमीप्रमाणे पाय वर घेतले, मग गाड्याकडे नीट पाहिलं, आणि पुढच्या फळीवर जाऊन बसली. ऐसपैस. माझ्याकडे वळून म्हणाली, "दे."

मी ढकलायला लागलो. दांडा होता माझ्या गुडघ्याएवढा, त्यामुळे मी काटकोनात. थांबलो की "दे". एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. सातव्या फेरीला उतारावर गाड्यानं वेग घेतला, मी त्याला मागे खेचलं, आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्‌ झालं. सरळ होता येईना. गाडा सोडला तर तोंडावर पडीन, म्हणून दांडा धरूनच एकेक पाऊल टाकत घराकडे निघालो. फळीवर मुलगी टाळ्या वाजवतेय.

निवृत्तीकाका गॅलरीत उभे होते. "वा!" ते ओरडले. "तू शिकलास की रे!"

दुसऱ्या दिवशी पवनानगरहून शेअर जीपनं माझी आई आली. चिमाबाई. हातात तेलाची बाटली. त्या तेलानं आधी माझी कंबर चोळली, मग सम्यकाचे पाय.

"काय न्हाई तिला," आई म्हणाली. "पाय लय मऊ हायेत. वल्ल्या मातीत कमरंपत्तूर उबी करायची. माती धरती पाय. रविवारी घिऊन चला धरणावर."

मानसी म्हणाली, "आई, लहान मुलाला मातीत पुरायचं?"

"पुरायचं कुटं? उबं करायचं. पितमला नव्हता केला?"

रविवारी आम्ही पवनेच्या काठाला गेलो. पाणी मागे हटलं होतं, काठावर काळा गाळ होता, आणि जरा वर पर्यटकांच्या तंबूंची रांग. मी खड्डा खणला. सम्यकाला दाखवला. तिनं खड्ड्याकडे असं पाहिलं, जसं मी रिजेक्ट मालाकडे पाहतो.

"भ्यालीय ती," आई म्हणाली. "आदी तू उबा ऱ्हा. बाप उबा ऱ्हायलेला बगितला की तीबी ऱ्हाईल."

मी खड्ड्यात उतरलो. आईनं मोठ्या उत्साहानं गाळ लोटला. सम्यकाला हा खेळ फारच आवडला. ती बुडावर सरकत आली आणि दोन्ही हातांनी माझ्याभोवती गाळ थापायला लागली. पंधरा मिनिटांनी मी म्हणालो, "बरं, आता निघतो," आणि लक्षात आलं की पाय निघत नाहीत.

मानसीनं ओढलं. आईनं ओढलं. मी आणखी चार बोटं खाली गेलो. शेवटी तंबूंमधली चार पोरं आणि एक पोरगी धावत आली. त्यांनी आधी फोटो काढला, मग मला. उजव्या पायातला बूट अजून पवनेच्या काठीच आहे. निघताना त्यातल्या एकानं मानसीला अदबीनं विचारलं, "काही विधी होता का?"

मानसी जीपमध्ये वडगाव फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, हसू दाबतेय. मग दिसलं, की ती हसत नाहीये.

"प्रितम," ती हळूच म्हणाली, "सतरा महिने झाले तिला. खरंच काही असलं तर?"

इतके दिवस हा प्रश्न मी बूट, गाडा आणि गाळ यांच्याखाली दाबून ठेवला होता. रात्री कूस बदलली की तो वर यायचा. मी सम्यकाचे पाय हातात घेतले. गाळ वाळून पांढरा झाला होता. बोटं एवढीशी, ऊन ऊन.

"उद्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हणालो.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सम्यकाला टेबलावर बसवलं, आडवं केलं, पाय फिरवले, तळव्याला गुदगुल्या केल्या. ती खुशीत होती. बाईंचा स्टेथोस्कोप तिनं "दे" म्हणून मागितला आणि मिळवला.

"बुडावर सरकते ना? अशी मुलं बऱ्याचदा उशिरा चालतात. घरात आणखी कोणी उशिरा चाललं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "मी तर नवव्या महिन्यात चालायला लागलो."

"कोन म्हनतं?" मागून आई म्हणाली.

"तूच म्हणतेस."

"ते तुझं लगीन जमवायचं व्हतं तवा म्हनले. पावनी बसली व्हती समोर. तू कसला नव्वा महिना! दोन वर्साला चार दिवस कमी व्हते. आख्खी वाडी ढुंगनावर हिंडलास. चड्ड्या फाटून गेल्या."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. चड्ड्यांचं नसावं. मानसीनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. उशिरा चालणं आणि त्याबद्दल खोटं सांगणं, दोन्ही एकाच घराण्यातून आलंय, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

"मला काळजीचं काही वाटत नाही," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या शनिवारी तालुक्याला मुलांच्या तपासणीचं शिबिर आहे. हाडांचे डॉक्टर येतात. एकदा कंबर बघून घेऊ, म्हणजे तुमच्याही मनाला बरं वाटेल. अंगणवाडीतून चिठ्ठी आणा. मूल चालत नाही अशी नोंद असली की लगेच मिळते."

मी पुन्हा खड्ड्यात उतरलो होतो. पवनेच्या खड्ड्याहून खोल.

अनिताताई अंगणवाडीत खिचडीचं पातेलं उतरवत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं.

"अहो दादा, कडेवर होती तेव्हाच मला शंका आली होती. पण बाप सांगतोय म्हटल्यावर..." त्यांनी मोबाईल काढला. बराच वेळ बोट फिरवलं. "हे बघा. चालणारं मूल परत बसवता येत नाही यात."

"म्हणजे?"

"कारण विचारतंय. अपघात, आजार, इतर. इतर दाबलं की म्हणतंय पर्यवेक्षिकांची मंजुरी आणा."

मी सुट्टी टाकून तालुक्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूंनी कोरा कागद दिला. मी लिहिलं, 'विषय: माझी मुलगी चालत नसल्याबाबत.' बाबूंनी वाचलं.

"आधी चालत होती?"

"नाही."

"मग नोंद कशी?"

"चुकून."

"कोणाच्या चुकून?"

मी आजूबाजूला पाहिलं. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती आणि दुपार असल्यानं कोणालाच काही काम नव्हतं.

"माझ्या," मी म्हणालो.

"मग तसं लिहा. मी खोटी माहिती दिली. आणि कारण लिहा."

मी खाली लिहिलं, 'शेजाऱ्यांसमोर कमीपणा वाटल्यामुळे मी खोटी माहिती दिली.' बाबूंनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "व्हतं आसं." त्या शब्दासाठी मी त्याचा जन्मभर ऋणी आहे.

पर्यवेक्षिका शुभदा मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर ओव्हाळ, तुमच्या सांगण्यावरून एकदा नोंद झाली. आता पुन्हा तुमच्याच सांगण्यावरून बदलायची?"

कारखान्यात मीही हेच म्हणालो असतो.

"गुरुवारी मी स्वतः येते. मूल चालत नाही हे डोळ्यांनी बघते, नोंद बदलते, जागेवर चिठ्ठी देते. शिबिर शनिवारी आहे, चुकणार नाही."

गुरुवारी मानसीनं अर्धी रजा घेतली. आईनं घर झाडलं. मॅडम अनिताताईंना घेऊन बरोबर चारला आल्या. त्यांच्यामागून निजामभाई आले, गाड्याची साक्ष लागली तर असावं म्हणून. निवृत्तीकाका कशासाठी आले ते मी विचारलं नाही. सम्यका जमिनीवर दिवाणाला टेकून बसली होती.

"आजच्या दिस बसून ऱ्हा गं बाय," आई तिच्या कानात म्हणाली.

मॅडमनी खुर्ची ओढली, फाइल मांडीवर घेतली. "तिला उभी करा."

मी उभी केली. दर वेळी पाय वर घेणारी ही पोरगी आज पाय टेकवून उभी राहिली. दिवाणाला एका हातानं धरून. असू दे, मी म्हटलं, धरून उभी राहणं वेगळं आणि चालणं वेगळं.

"ठीक," मॅडम म्हणाल्या आणि नोंद करण्यासाठी पर्समधून शिक्का काढला. लाल लाकडी मुठीचा, गोल, चकचकीत.

"दे," सम्यका म्हणाली.

तिनं दिवाण सोडला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. दोन्ही हात वर, बोटं पसरलेली, पोट पुढे. तिसरं.

आणि माझ्या तोंडून काय निघावं? ज्या क्षणाची मी पाच महिने वाट बघत होतो, ज्याच्यासाठी कंबर मोडून घेतली, बूट घालवला, त्या क्षणी मी, जन्मदाता बाप, ओरडलो, "समू, खाली बस!"

तिनं ऐकलं नाही. चौथं, पाचवं, आणि सहाव्या पावलाला ती मॅडमच्या गुडघ्यांवर आदळली. शिक्का तिच्या हातात होता.

आईनं कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. अनिताताईंनी पदर तोंडाला लावला. निवृत्तीकाका "सुटली, सुटली!" असं ओरडले आणि चक्क त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मानसी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी तिच्याकडे गेलो, ट्रे काढून घेतला, कुठे ठेवावा ते कळेना, तो हातात घेऊनच रडलो.

"मिस्टर ओव्हाळ," शुभदा मॅडम म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मॅडम, शपथ घेतो. आत्ताच. याआधी एकही नाही."

"चालते म्हणालात तेव्हा चालत नव्हती. चालत नाही म्हणून लेखी दिलंत, तर चालतेय."

"अर्ज लिहिला तेव्हा खरा होता, मॅडम."

मॅडमनी सम्यकाच्या हातातून शिक्का सोडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग त्यांनी तिच्या मुठीसकट शिक्का शाईवर दाबला, मग कागदावर दाबला, आणि खाली लिहिलं, 'समक्ष पाहणी केली. बालक न धरता चालते. मूळ नोंद योग्य आहे. अर्ज निकाली.'

"पण मूळ नोंद खोटी होती," मी म्हणालो. इतक्या दिवसांनी खरं बोलायची सवय लागत होती.

"आता खरी आहे ना? मग चहा द्या."

चहा झाल्यावर त्यांनी वेगळ्या कागदावर स्वतःच्या सहीनं चिठ्ठी लिहून दिली. "तरी शनिवारी या. कंबर बघून घ्यायला काय हरकत आहे? आणि पुढच्या वेळी अनिता विचारेल ते फक्त मुलीबद्दल असतं. तुमच्याबद्दल नसतं."

शनिवारी हाडांच्या डॉक्टरांनी सम्यकाला पाच मिनिटं तपासलं आणि उत्तम आहे म्हणाले. मग माझी चाल बघून मला आडवं व्हायला सांगितलं. माझ्या कमरेला पंधरा मिनिटं लागली.

मी बाहेर आलो तेव्हा मानसी औषधांच्या खिडकीपाशी होती आणि सम्यका व्हरांड्यात उभी होती. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना माणसं, पिशव्या, रडणारी मुलं. मला बघून ती हसली. माझ्याकडे येईल म्हणून मी कसाबसा वाकलो, हात पसरले. ती वळली आणि उलट दिशेनं निघाली.

डुलत, धडपडत, कोणाच्या गुडघ्याला हात लावत, कोणाची पिशवी ओलांडत. एकदा बसकण मारली. मला वाटलं, आता सरकेल. ती हात टेकून उठली आणि पुढे गेली. मी मागोमाग, दोन्ही हात तिच्या दोन्ही अंगांना धरून, शिवायचं नाही पण पडली तर झेलायचं, असा. व्हरांड्याच्या टोकाला तीन पायऱ्या होत्या. तिथे मी तिचं बोट धरलं.

तिनं बोट सोडवून घेतलं. मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यातला दुसरा शब्द उच्चारला.

"नको."